वापरलेली वॉटर-बॅलास्ट सेलबोट: केबिनमध्ये पुन्हा पुन्हा पाणी आणि बोटीची डुगडुग, मूळ कुठे शोधायचं?

तक्रार साधारण अशी असते. ट्रेलरवरून नेता येणारी वॉटर-बॅलास्टची, म्हणजे तळातल्या टाकीत पाणी भरून स्थिर राहणारी, बोट सेकंडहँड घेतली. सुरुवातीला सगळं ठीक वाटलं. मग केबिनच्या तळाला दर वेळी थोडं पाणी दिसू लागलं. स्पंजने टिपून काढलं, तरी पुढच्या वेळी परत आहेच. खिडक्यांना सीलंट लावून झालं, डेकवरची फिटिंग काढून पुन्हा बसवून झाली, पाणी काही थांबेना. त्यात वारा जरा वाढला की बोट नको तेवढी कलते, आणि कलली की पटकन सरळ होत नाही.

बहुतेक मालक या दोन वेगळ्या तक्रारी धरतात. पाण्यावर उपाय सीलंट, डुगडुगीवर उपाय लहान शीड. माझं मत वेगळं आहे. या जातीच्या बोटीत दोन्ही तक्रारी एकत्र आल्या, तर आधी बॅलास्टच्या टाकीकडे बघा. बाकी सगळं नंतर. आणि बोट अजून घ्यायची असेल, तर व्यवहार ठरण्याआधी बघा, कारण ट्रेलरवर रिकाम्या टाकीने उभी असलेली बोट यातलं काहीच दाखवत नाही.

टाकी नेमकं काय करते

साध्या कीलच्या (तळाखालच्या जड पंखाच्या) बोटीत शिसं किंवा ओतीव लोखंड खाली लटकलेलं असतं. ट्रेलरवरच्या बोटीला ते वजन परवडत नाही, म्हणून तळात एक रुंद, चपटी टाकी असते. पाण्यात उतरल्यावर ती भरायची, बाहेर काढताना रिकामी करायची. मॅक्ग्रेगर या कंपनीच्या २६डी आणि २६एस या जुन्या मॉडेलमध्ये सुमारे ५४५ किलो पाणी बसतं, २६एक्समध्ये सुमारे ६८० किलो. २६एममध्ये सुमारे ५२० किलो पाणी आणि त्याशिवाय सुमारे १३५ किलोचं कायमचं बॅलास्ट आहे. कॅटालिना २५० च्या वॉटर-बॅलास्ट आवृत्तीतही आकडा ५४५ किलोच्या आसपास येतो. हंटर २६० मध्ये तो ९०० च्या घरात आहे.

पाण्यात बुडालेलं पाणी वजन कसलं देणार, असा प्रश्न नेहमी येतो. टाकीमुळे बोट आणि पाणी मिळून एकूण वजन वाढतं आणि त्या सगळ्याचा गुरुत्वमध्य खाली जातो. बोट सरळ असताना त्याचा परिणाम फारसा जाणवत नाही. ती कलू लागली आणि टाकीची एक बाजू वर उचलली गेली की ते पाणी खाली ओढू लागतं. म्हणूनच या बोटी पहिले दहा-पंधरा अंश पटकन कलतात आणि मग घट्ट होतात. एवढी डुगडुग हा त्यांचा स्वभाव आहे, दोष नव्हे. नवा मालक इथेच घाबरतो आणि नसलेला रोग शोधत बसतो.

खरा रोग अर्धवट भरलेल्या टाकीत असतो. टाकी काठोकाठ भरली असेल तर पाण्याला हलायला जागाच नाही. हवेचा मोठा पट्टा राहिला की बोट जिकडे कलेल तिकडे पाणी धावतं आणि कलण्यालाच मदत करतं. हा परिणाम पाण्याच्या मोकळ्या पृष्ठभागाच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असतो. मधोमध एक उभा आडपडदा घालून टाकीचे दोन सारखे भाग केले, तर तो एक चतुर्थांश होतो. या टाक्या चपट्या आणि रुंद असल्यामुळे इथे त्याचा जोर मोठा. उलट पाच-दहा लिटर कमी असतील, तर हवेचा थर इतका पातळ असतो की पाणी लगेच टाकीच्या छताला टेकतं आणि थांबतं. त्यामुळे पाच लिटरवरून घाबरायचं कारण नाही. शंभर-दीडशे लिटर कमी असतील तर शीड चढवायचं नाही.

रिकाम्या टाकीबद्दल तर बोलायलाच नको. ४ जुलै २००२ रोजी अमेरिकेत व्हरमाँटच्या बाजूला, लेक शॅम्प्लेनवर, वॉटर-बॅलास्टची एक २६ फुटी बोट टाकी रिकामी असताना खूप माणसं घेऊन निघाली आणि उलटली. केबिनमध्ये अडकून दोन मुलांचा जीव गेला. बोट घ्यायला आलेल्याला विकणारा "टाकी न भरताच एक चक्कर मारू या" असं म्हणाला, तर सरळ नाही म्हणा.

आधी टाकी खरंच भरते का ते ठरवा

फट शोधण्याआधी हे तपासायचं, कारण गळतीच्या नावाखाली आलेल्या अनेक बोटींची टाकी मुळात कधी पूर्ण भरलेलीच नसते.

बोट पाण्यात उतरवा, टाकी रिकामी ठेवा, आत कोणी नको. पाण्याची रेघ जिथे येते तिथे पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. मग मागचा व्हॉल्व्ह आणि हवेचा व्हेंट, दोन्ही उघडा. व्हेंट बंद राहिला तर आतली हवा जाणार कुठे? व्हेंटवर हात धरला की हवा जोरात बाहेर येताना जाणवते. साधारण पाच ते दहा मिनिटांत ती मंदावते. थांबली म्हणजे टाकी भरली असा समज असतो. तो बरोबरच असेल असं नाही.

आता टेपकडे बघा. २६ फुटी बोटीत साडेपाचशे-सहाशे किलो पाणी गेलं तर ती अंदाजे पाच सेंटिमीटर खाली बसायला हवी. हा ढोबळ हिशोब आहे, बोटीच्या रुंदीप्रमाणे थोडा इकडे-तिकडे होईल. पण मागची टेप पूर्ण बुडाली आणि पुढची जेमतेम ओली झाली, तर पुढच्या भागात हवा अडकली आहे.

असं का होतं? मागे जड आउटबोर्ड इंजिन, कॉकपिटमध्ये तीन माणसं, पेट्रोलची टाकी, नांगराची साखळीही मागच्या कप्प्यात. पुढचं टोक वर उचललं जातं आणि टाकीचा पुढचा भाग बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या वर राहतो. बाहेरचं पाणी स्वतःच्या पातळीपेक्षा वर चढणार नाही. उपाय फुकटचा आहे: भरताना माणसांना पुढे बसवा. तरीही व्हेंटमध्ये पाणी दिसलं नाही तर मागचा व्हॉल्व्ह बंद करून व्हेंटमधून बादली आणि नरसाळ्याने वरची भर घाला. व्हेंटच्या भोकात हाताचं बोट घातलं की पाणी लागलं पाहिजे, त्याआधी टाकीला भरलेली म्हणू नका. वर लावलेल्या गेजवर किंवा "आम्ही नेहमी आठ मिनिटं भरतो" या हिशोबावर माझा विश्वास नाही.

टाकी भरल्यावर बोट हाताने हलवून सोडा आणि दहा झुल्यांना किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजा. आकडा लिहून ठेवा. नंतर कधी झुले रेंगाळू लागले आणि तळातून खळखळ ऐकू आली, तर आत हवा शिरली आहे. स्थिरता घटली की झुल्याचा काळ वाढतो, हे जहाजावरच्या लोकांचं जुनं मोजमाप आहे आणि लहान बोटीलाही चालतं. फक्त दोन्ही वेळी सामान आणि माणसं सारखीच ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

एक रात्र ठेवा आणि मग वाचा

टाकी काठोकाठ भरली, व्हॉल्व्ह बंद, व्हेंट बंद. केबिन कोरडी करायची. खरोखर कोरडी, कोपऱ्यातला शेवटचा थेंबही कापडाने टिपून. टाकीत खाण्याच्या रंगाची एक बाटली ओता. गाद्या आधी बाहेर काढा, लाल रंगाचे डाग निघत नाहीत आणि विकणाऱ्याची बोट असेल तर वाद होईल. केबिनच्या तळावर, टाकीच्या कडेने आणि सेंटरबोर्डच्या (तळातून खाली सोडायच्या फळीच्या) खोक्याभोवती वर्तमानपत्राच्या पट्ट्या किंवा टाल्कम पावडरची रेघ टाका. पाणी कुठून आलं ते पावडरीत ओघळासारखं उमटतं. अशी बोट पाण्यात रात्रभर राहू द्या. सकाळी दोनच गोष्टी बघायच्या: व्हेंटमधली पातळी आणि केबिन.

पातळी उतरली आणि केबिनमध्ये रंगीत पाणी आलं, तर टाकीच्या छतात किंवा व्हेंटच्या बुचात फट आहे आणि टाकीतलं पाणीच आत येतं आहे. वर सांगितलेल्या दोन्ही तक्रारींचं हे एकच मूळ. शांत पाण्यात हे पाणी हळू येतं. बोट कलली की टाकीची एक बाजू वर जाते, तिथल्या पाण्याचा दाब खालच्या फटीवर पडतो आणि गळती वाढते. म्हणून धक्क्याला कोरडी असलेली बोट शिडावर ओली होते. रात्रीत काही दिसलं नाही तर दुसऱ्या दिवशी धक्क्यालाच चार-पाच माणसं एका काठावर उभी करून बोट अर्धा तास कलती ठेवा आणि परत बघा.

पातळी तशीच आहे, पण केबिनमध्ये फिकट रंगाचं पाणी साचलं? हे कोडं अनेकांना सुटत नाही. टाकी भरलेली आहे मग टाकी गळत नाही, असा निष्कर्ष काढून लोक परत खिडक्यांकडे वळतात. इथे बहुधा दोन लहान दोष एकत्र आलेले असतात. मागचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि व्हेंटचं बूच सैल आहे. बऱ्याच बोटींत, विशेषतः सामान भरल्यावर, टाकीचं छत बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असतं. त्यामुळे बाहेरचं पाणी व्हॉल्व्हमधून टाकीत आणि टाकीतून व्हेंटवाटे केबिनमध्ये येत राहतं. टाकी कधीच कमी होत नाही, आणि केबिन कधीच कोरडी होत नाही. रंग फिकट असतो कारण आत नवं पाणी सतत मिसळतं. हा प्रकार पहिल्यापेक्षा वाईट, कारण केबिनचा तळ टाकीपेक्षाही रुंद आहे आणि तिथलं मोकळं पाणीही बोट कलली की त्याच बाजूला धावतं.

पातळी उतरली पण केबिन कोरडी, तर पाणी बाहेर गेलं. सेंटरबोर्डचं किंवा डॅगरबोर्डचं (सरळ वर-खाली सरकणाऱ्या फळीचं) खोकं टाकीला लागून किंवा टाकीतूनच जातं, आणि त्या जोडावरची भेग हा पहिला संशयित. गंमत म्हणजे व्हेंट हवाबंद असेल तर पाण्यात असताना ही भेग जवळजवळ कळत नाही, कारण हवा आत शिरल्याशिवाय पाणी बाहेर जाऊ शकत नाही. ती ट्रेलरवर कळते: व्हेंट उघडा, व्हॉल्व्ह बंद, टाकीत पाणी, आणि खोक्याच्या खालच्या तोंडातून ठिबक.

पातळीही जागेवर आणि केबिनमधलं पाणी बिनरंगाचं, तर टाकी निर्दोष. मग खुशाल डेक, खिडक्या, डोलकाठीचा पाया, रिगिंगच्या (डोलकाठीच्या तारांच्या) पट्ट्यांची जागा आणि सुकाणूचे ट्रान्समवरचे (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीवरचे) बोल्ट यांकडे वळा. खाऱ्या पाण्यात बोट असेल आणि टाकी नळाच्या पाण्याने भरली असेल, तर आणखी एक खूण मिळते: खारट पाणी बाहेरून, गोडं पाणी टाकीतून किंवा पावसातून. डेकवर नळीने पाणी मारून तपासायचं असेल तर खालून सुरू करा आणि एका फिटिंगला दहा मिनिटं द्या. वरून धो-धो मारलं की सगळीकडूनच येतंय असं वाटतं.

व्हेंटचं बूच

आधी इथे हात घाला, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा दोषी असलेला भाग हाच. बहुतेक मॉडेलमध्ये पुढच्या भागात, गादीखाली, रबरी बूच असतं, खटका किंवा स्क्रू फिरवला की फुगून बसणारं. काही वर्षांत रबर कडक होतं आणि कडेला बारीक तडे जातात. बूच काढून दोन बोटांत दाबा. ते दबलं पाहिजे आणि सोडल्यावर परत गोल झालं पाहिजे. कडेवर नख फिरवा, चरा लागला तर बदला. भोकाच्या कडेचं फायबरग्लासही बघा. आधीच्या कुणी मालकाने स्क्रू-ड्रायव्हर घालून बूच उचकटलं असेल तर कडेचे तुकडे उडालेले असतात, आणि मग नवं बूचही गळतं. कड घासून इपॉक्सीने भरली आणि गुळगुळीत केली की झालं. नव्या बुचाला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा.

पारदर्शक झाकणाची इन्स्पेक्शन प्लेट टाकीच्या छतात बसवावी का, असं विचारतात. आत बघता येतं, हात घालता येतो, पातळी दिसते. पण ते नवं भोक आहे. सपाट आणि जाड जागा मिळत असेल आणि ब्यूटाइल टेपवर (मऊ, चिकट सीलिंग पट्टीवर) नीट बसवणार असाल तर बसवा. न्हाणीघरात वापरतात ते आंबट वासाचं सिलिकॉन इथे नको.

मागचा व्हॉल्व्ह

जुन्या बोटींत गेट व्हॉल्व्ह सापडतो. त्याला दोन खोडी आहेत. एक, बाहेरून बघून तो उघडा की बंद कळत नाही. दुसरी, आतली पाचर जिथे बसते त्या खाचेत वाळू आणि शिंपल्याचे कण अडकतात. चाक घट्ट झालं म्हणून आपण समाधानी, आणि पाचर मात्र दोन मिलिमीटर वर लटकलेली. व्हॉल्व्ह अर्धा उघडून वाहत्या पाण्यात दोन-तीनदा उघड-बंद करा, बऱ्याचदा कचरा निघून जातो. दांड्याजवळून थेंब येत असतील तर पॅकिंगची नट अगदी थोडी, चाकाच्या आठव्या हिश्शाएवढी, आवळा.

घरगुती पितळी व्हॉल्व्ह बसवलेला दिसला तर त्याचा रंग निरखून बघा. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं. पिवळ्या धातूवर गुलाबी-लालसर डाग दिसू लागले, की तो भाग बाहेरून शाबूत असला तरी आतून ठिसूळ झालेला असतो. चावीच्या टोकाने खरवडलं तर गुलाबी चुरा येतो. असा व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा नाही, बदलायचा. बदलताना मरीन ब्राँझ किंवा फायबरयुक्त प्लास्टिकचा बॉल व्हॉल्व्ह घ्या. दांडी पाइपाच्या रेषेत म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद. कडक थंडीच्या जागी बोट ठेवायची असेल तर व्हॉल्व्हच्या पोटात पाणी उरू देऊ नका, बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं आणि व्हॉल्व्ह फुटतो.

शिडावर असताना व्हॉल्व्ह आणि व्हेंट दोन्ही बंद हवेत. व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि बोट कलून किंवा उडून ट्रान्सम पाण्याबाहेर आला, तर तिथून हवा गुळगुळ करत आत शिरते आणि तेवढंच पाणी बाहेर पडतं. व्हेंट उघडा राहिला तर पाणी उतार असेल तिकडे, म्हणजे केबिनमध्ये, येतं. टाकीत काहीही दोष नसताना केवळ या सवयीमुळे वर्षानुवर्षं "गळणाऱ्या" बोटी आहेत.

टाकीच्या छतातली भेग

छत म्हणजे बऱ्याचदा केबिनची जमीनच. माणसं त्यावर उभी राहतात, उड्या मारतात. डोलकाठीचा आधारखांब जिथे खाली टेकतो तिथे, खोक्याच्या कोपऱ्यात आणि हलला (बोटीच्या बाहेरच्या कवचाला) जिथे छत चिकटवलं आहे त्या कडेने बघा. जेलकोटवरची (फायबरग्लासवरच्या गुळगुळीत वरच्या थरावरची) केसासारखी रेघ नुसती वरची असू शकते. तिच्यावर कोरडं कापड दाबून ठेवा आणि कुणाला तरी शेजारी पाय आपटायला सांगा. कापड ओलं झालं तर भेग आरपार आहे.

बारीक भेग सापडत नसेल तर हवेने तपासता येतं, पण इथे जपून. टाकीची चपटी छतं दाबासाठी बनवलेली नसतात. ०.१ बार इतका किरकोळ वाटणारा दाबही दर चौरस मीटरवर सुमारे एक टन जोर लावतो. म्हणून कॉम्प्रेसर अजिबात नाही, आणि व्हेंट बंद करून नळाची नळी व्हॉल्व्हला घट्ट जोडून भरणं तर त्याहून वाईट, छत उखडून निघेल. पारदर्शक प्लास्टिकची नळी यू आकारात वाकवून तिच्यात पाणी घाला, एक टोक व्हेंटला जोडा आणि सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरा. दोन्ही बाजूंच्या पातळीत दहा सेंटिमीटर फरक आला की थांबा. एवढ्यानेही चौरस मीटरला शंभर किलो जोर पडतोच. नळीचं दुसरं टोक उघडंच ठेवा, म्हणजे चुकून जास्त भरलं तर पाणी उडून जाईल आणि छत वाचेल. मग साबणाचं पाणी ब्रशने लावत जा. फुगे येतील तिथे पेन्सिलने खूण.

दुरुस्ती करताना घाई नडते. ओल्या फायबरग्लासवर इपॉक्सी धरत नाही, आणि या टाक्या आतून कायम ओल्या असतात. टाकी उघडी ठेवून वाळवा. वाळली का बघायला प्लास्टिकचा एक चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी त्याच्या खाली दव असेल तर अजून थांबा. नंतर भेगेच्या दोन्ही बाजूंनी जाडीच्या दहा-बारा पट रुंद उतार घासून घ्या आणि इपॉक्सीत ग्लास क्लॉथचे थर द्या. जुन्यावर पॉलिएस्टर रेझिन चोपडलेलं जे दिसतं, ते काही काळाने पापुद्र्यासारखं सुटतं. आधीच्या मालकाचे असे डाग मोजा, त्यावरून दोष किती जुना आहे ते कळतं.

टाकीला कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तो गळतीचा भाग नव्हे. खाऱ्या पाण्यात मेलेलं काहीबाही आणि हवेचा अभाव, त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. गोड्या पाण्याने दोन-तीनदा भरून रिकामी करा, बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं. ब्लीच घातलंच तर अगदी पातळ, आणि त्यात व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल मिसळू नका.

घेण्याआधी

हे सगळं विकणाऱ्यापुढे करता येत नाही, पण काही गोष्टी मागता येतात. बोट पाण्यात, टाकी भरलेली, आणि तिथे निदान काही तास, जमलं तर रात्रभर. चांगला विकणारा नाही म्हणत नाही. "पाण्यात न्यायला वेळ नाही" म्हणाला तर ट्रेलरवर टाकी भरून बघण्याचा पर्याय आहे, पण अर्धा टनाहून जास्त वजन ट्रेलर, टायर आणि रोलरवर पडणार. ट्रेलरच्या पाटीवरची क्षमता आधी वाचा. पुढचा आणि मागचा जॅक लावा आणि बोटीच्या तळाखाली आधार द्या. तीन-चार रोलरवर टेकलेल्या हलला टाकीचं वजन एकेका जागी बोचतं.

वजनकाटा हे दुसरं हत्यार. ट्रेलरसकट बोट काट्यावर न्या, ट्रेलरचं वजन वजा करा आणि निर्मात्याने दिलेल्या कोरड्या वजनाशी ताडा. २६एक्सचं कोरडं वजन सुमारे १,०६५ किलो, २६एमचं सुमारे १,१५५. इंजिन, शिडं, सामान धरूनही हिशोब खूप वर जात असेल, तर टाकीत पाणी अडकलं आहे किंवा तरंगण्यासाठी भरलेल्या फोमने पाणी प्यायलं आहे. तो फोम जागेवर आहे का हेही उघडून बघा. सामानाला जागा हवी म्हणून काढून टाकणारे मालक असतात, आणि बोट पाण्याने भरली तर तिला तरंगत ठेवणारी तीच एक गोष्ट आहे.

साल विकणाऱ्याच्या तोंडावर सोडू नका. अमेरिकेत बनलेल्या बोटीच्या ट्रान्समवर उजव्या वरच्या कोपऱ्यात १२ अक्षर-अंकांचा हल क्रमांक असतो, आणि १९८४ पासूनच्या पद्धतीत शेवटचे दोन अंक मॉडेल-वर्ष सांगतात. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने जातात.

बोट वर्षानुवर्षं ट्रेलरवर होती की धक्क्याला पाण्यात, हे जरूर विचारा. ट्रेलरसाठी बनलेली बोट इपॉक्सीचा थर न देता, टाकी भरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पाण्यात राहिली असेल, तर हलवर फोड येतात, आणि टाकीच्या आत तर बऱ्याचदा जेलकोटही नसतो. तळावरून हात फिरवला तर फोड हाताला लागतात. फोडला की आंबूस वासाचा द्रव येतो, पण विकणाऱ्याची बोट फोडायची नाही, हे सांगायला नको.

आणि बाहेर काढताना: बोट रॅम्पवर ओढली, व्हॉल्व्ह आणि व्हेंट उघडले, पाणी धार धरून आलं, मग धार बारीक झाली आणि सगळे निघाले. उतार कमी असेल तर टाकीच्या पुढच्या भागात अजून शंभर-दीडशे लिटर असू शकतं. ट्रेलरचं पुढचं टोक जॅकने वर उचला, बोट मागे झुकवा, धार परत सुरू होते. ती पूर्ण थांबेपर्यंत रस्त्याला लागू नका, अर्धवट टाकीचं पाणी वळणावर ट्रेलरमध्येही तसंच एका बाजूला धावतं.